विश्रांतीचं फडताळ

भूगोलाच्या बाईंनी पृथ्वी वाचवायला सुरुवात केली, त्या दिवशी सगळ्यात आधी वीज गेली.

तो 'पुन्हा एकदा' मंडळाच्या उद्घाटनाचा शनिवार होता. जागा सार्वजनिक वाचनालयाखालचं तळघर. हजेरी चौदा माणसांची, त्यातली तीन पावसाला कंटाळून आत आलेली. छत्तीस वर्षं मुलांना वाऱ्यांच्या दिशा शिकवून निवृत्त झालेल्या बाई टेबलामागे उभ्या होत्या आणि टेबलावर त्यांनी स्वतः, पुस्तकात बघून बघून, दुरुस्त केलेला टोस्टर होता. "ही वस्तू कचऱ्यात जाणार होती," बाई म्हणाल्या. "तिच्या जागी नवी घेतली असती तर कुठल्यातरी कारखान्याच्या धुराड्यातून तेवढा धूर जास्त निघाला असता. आपण काय केलं? तो धूर वाचवला." आणि त्यांनी बटण दाबलं.

पुढे काय झालं याबद्दल एकवाक्यता नाही. एक मत असं, की टोस्टरमधून वीतभर ज्वाळा निघाली. मंडळातल्या शिंपीणकाकू शपथेवर सांगायच्या, की ज्वाळा छताला लागून परत खाली आली. तीन गल्ल्यांतली कुत्री एकदम भुंकायला लागली, वरच्या वाचनालयात अकरा वर्षं पुस्तक दडवून बसलेल्या एका सभासदाने भीतीपोटी ते परत केलं, आणि वाचवलेला सगळा धूर व्याजासकट तळघरात जमा झाला. दिवे गेले. त्या मिट्ट काळोखात मागून एक आवाज आला.

"ज्यानं हा टोस्टर दुरुस्त केलाय, त्याला आधी दुरुस्त करा."

"मी केलाय," बाई म्हणाल्या. आणि मग छत्तीस वर्षांची सवय जाईना म्हणून, "कोण बोललं ते? उभं राहा!"

"उभाच आहे. खुर्च्या कुठे पुरल्यात तुमच्या?"

दिवे परत आले तेव्हा एक काटकुळा म्हातारा फ्यूजच्या पेटीचं दार लावत होता. बॅटरी नाही, काडी नाही. नुसत्या बोटांनी अंधारात फ्यूजला तार घातली होती त्याने. बाईंनी जगातले सातही खंड मुलांकडून तोंडपाठ करून घेतले होते, पण असा हात त्यांनी पाहिला नव्हता. त्या बघतच राहिल्या. म्हातारा म्हणाला, "टाळ्या नंतर. आधी तो टोस्टर इकडे द्या, बिचाऱ्याला दुखत असेल."

हे नाडीकाका. हे नाव पडलं पुढच्याच शनिवारी. म्हातारा कुठलीही वस्तू समोर आली की आधी तिच्यावर दोन बोटं ठेवायचा, डोळे मिटायचा आणि मान तिरकी करून काहीतरी ऐकत बसायचा. मग निदान. "हिच्या मोटारीतला ब्रश झिजलाय." "ह्याची तार आतून तुटलीय, वरून शहाणा दिसतोय नुसता." चौतीस वर्षं त्याने मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळण्यात घालवली होती. जळालेल्या मोटारीच्या वासावरून ती पंपाची की पिठाच्या गिरणीची, हे तो सांगायचा. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. मुलगी दूर दुसऱ्या शहरात, तिथून रविवारी फोन करणारी. दुकान मालकाच्या मुलाने बंद केलं, कारण मोटारीत नवी तार भरून घेण्यापेक्षा नवी मोटार स्वस्त पडायला लागली होती. तेव्हापासून नाडीकाका तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होता आणि स्वतःचा चांगला चालणारा पंखा दर आठवड्याला उघडून पुन्हा बंद करत होता.

मंडळाने त्याला टेबल दिलं, आणि माणसाला काय लागतं हो? एक टेबल आणि 'काका, हे बघता का?' म्हणणारं कुणीतरी. काका शनिवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून, नऊच्या ठोक्याला हजर. रविवार ते शुक्रवार हे त्याच्या लेखी शनिवारचं मागचं-पुढचं सामान होतं.

बाकी मंडळ म्हणाल तर एकेक नमुना. सगळे स्वतःचा पेला घेऊन यायचे आणि दुसऱ्याचा घेऊन जायचे. एक जोडपं पृथ्वीवरचा भार कमी व्हावा म्हणून एकाच सायकलवर यायचं. सायकलला काय वाटायचं ते सायकलला ठाऊक. शिंपीणकाकू काकाच्या शेजारच्या टेबलावर आपलं शिलाई मशीन घेऊन बसायच्या आणि फाटक्या कपड्यांना नवं आयुष्य द्यायच्या. मंडळात पृथ्वीबद्दल ज्यांना काडीचंही कौतुक नव्हतं अशा त्या एकट्या. "पृथ्वी राहील हो," त्या म्हणायच्या, "माझा टाका राहिला पाहिजे." घरी त्या शाळेचे गणवेश शिवायच्या, त्यावर घर चालायचं.

आणि आलेखराव. हे विमा कंपनीतून निवृत्त झालेले. त्यांना हवेचा, पाण्याचा, माणसांचा, कशाचाही आलेख काढता यायचा. प्रत्येक दुरुस्त वस्तूचं वजन करून 'आज कचऱ्यातून वाचलं' असं ते फळ्यावर लिहायचे. घरी त्यांनी हिवाळ्यात फ्रिज बंद ठेवून दूध खिडकीत ठेवायला सुरुवात केली होती. दूध मांजर प्यायचं. मांजर आलेखात नव्हतं.

पहिलं वर्ष असं सोन्यासारखं गेलं. काकाच्या टेबलावरून गेलेली वस्तू परत म्हणून यायची नाही.

दुसऱ्या वर्षी बाईंनी तळघराची मांडणी बदलली. काकाचं टेबल दारापासून दोन पावलं पुढे, खिडकीजवळ सरकवलं. म्हटलं, उजेड बरा मिळेल. शनिवारी काका आला, सगळ्यांना नमस्कार केला, ताठ मानेने चालत गेला आणि जिथे खुर्ची असायची तिथे बसला. खुर्ची नव्हती. काका जमिनीवर आपटला. सगळे हसले, काकाही हसला. "जमिनीची नाडी बघत होतो," म्हणाला. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. शाळेतली बाई ती. पाठ करून आलेला मुलगा कुठला आणि फळ्यावरचं वाचणारा कुठला, हे तिला कळतं. हा माणूस पावलं मोजून येत होता.

दुपारी सगळे गेल्यावर त्यांनी वहीतलं एक कोरं पान काकापुढे धरलं. "काका, एवढं वाचून सही करता?"

काकाने पान डोळ्यांशी नेलं, थोडं लांब धरलं. "बरोबर आहे की. छान लिहिलंय."

"कोरं आहे ते."

काकाने पान खाली ठेवलं. स्क्रू ड्रायव्हर उचलला, जागेवर ठेवला, परत उचलला.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"कडेचं दिसतं अजून. मधलं गेलं. डॉक्टर म्हणाले, मधलं परत यायचं नाही, कडेचंही जाईल." मग एकदम मान वर करून, "पण हात आहेत ना बाई! डोळ्यांनी कोण काम करतंय? लोक तर म्हणतात, काका डोळे मिटून दुरुस्त करतो."

"वायरचे रंग हाताला कळतात?"

काकाने हात टेबलाखाली घेतले. मग म्हणाला, "मुलीला सांगू नका. ती मला घेऊन जाईल. तिच्याकडे सगळं आहे. सोफा आहे. दिवसभर बसवून ठेवेल सोफ्यावर." आणि मग, बाईंनी आयुष्यात कुठल्या मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता अशा आवाजात, "शनिवार काढून घेऊ नका, बाई. शनिवार गेला तर मी नुसताच म्हातारा."

इथे शहाण्या माणसाने काय केलं असतं? काकाशेजारी रंग सांगायला कुणाला तरी बसवलं असतं. पण मग रंग का सांगावे लागतात, हे सगळ्यांना कळलं असतं, आणि काकाला तेच नको होतं. बाईंनी शब्द दिला. शब्द देताना त्यांना वाटलं, आपण फार मोठं काम करतोय. तसं वाटलं की माणसाने आधी घरी जाऊन झोपावं. बाई झोपल्या नाहीत. त्यांनी योजना आखली.

पुढच्या शनिवारी त्यांनी जाहीर केलं, "दुरुस्त झालेली वस्तू लगेच द्यायची नाही. तिला आठवडाभर विश्रांती. धातू ताणातून बाहेर येतो. मग शेवटची चाचणी मी घेणार."

असल्या गोष्टीला शास्त्रात आधार नव्हता, पण छत्तीस वर्षं वर्गात उभं राहिलेल्या बाईने ठणकावून सांगितल्यावर शास्त्राची काय बिशाद? भिंतीतलं एक जुनं फडताळ रिकामं करून त्यावर 'विश्रांती' अशी चिठ्ठी लावली गेली. लोक फडताळाजवळ हळू आवाजात बोलायला लागले. सायकलवालं जोडपं तर घरचा मिक्सरही अधूनमधून विश्रांतीला आणून ठेवायचं.

सोमवारी बाई फडताळातल्या काकाच्या वस्तू पिशवीत भरून घरी न्यायच्या. पहिल्या महिन्यात पाचातल्या तीन चालल्या. न चालणाऱ्या दोन घेऊन त्या बाजारातल्या विजेच्या दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, "दुरुस्त? बाई, दुरुस्त करणारं आता कोण राहिलंय? ते वाचनालयाखाली एक मंडळ आहे म्हणे, तिथे जा."

बाईंनी तशीच दिसणारी नवी किटली घेतली. घरी आणून तिला काचकागदाने घासलं, मिठाच्या पाण्यात उकळून काढलं, मुठीला जुनी चिकटपट्टी गुंडाळली. तासाभरात किटली अशी म्हातारी झाली, की तिच्या मालकिणीने शनिवारी तिला छातीशी धरलं. "काका, तुमचे हात म्हणजे!" काका लाजला. बाईंना खरं सांगून टाकावंसं वाटलं. पण काकाचं ते लाजणं त्यांनी पाहिलं आणि पिशवीतून पुढची वस्तू काढली.

मग सवय झाली. पाचातल्या तीनाच्या दोन झाल्या, दोनाची एक झाली. जुन्या वस्तू बाईंच्या पलंगाखाली जायला लागल्या आणि नव्या बाजारातून यायला लागल्या. धुरापासून पृथ्वी वाचवायला निघालेल्या बाई गावातल्या विजेच्या दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होऊन बसल्या. दुकानदार आता त्यांना बसायला स्टूल द्यायचा. "बाई, तुमच्या घरी काय विजेच्या वस्तूंना साथ आलीय का हो?" बाई म्हणायच्या, "भाचीचं घर लावतेय." आठ महिन्यांत त्या भाचीला एकोणीस किटल्या, चौदा इस्त्र्या आणि सात टोस्टर लागले.

तिकडे आलेखरावांचा फळा फुलत होता. त्यांनी हिशेब काढला: शेवटच्या चाचणीत नापास झालेल्या वस्तू, शून्य. परत आलेल्या, शून्य. विमा कंपनीत तीस वर्षं काढून त्यांना शून्य कधी दिसलं नव्हतं. त्यांनी ते तांबड्या खडूने लिहिलं आणि त्याभोवती गोल केला.

मार्चमध्ये बाईंना ताप आला. साधा नाही, छातीत उतरलेला. दोन शनिवार त्या अंथरुणात होत्या. पलंगाखाली मेलेल्या इस्त्र्या आणि किटल्यांचा ढीग, वर बाई. बहीण औषध द्यायला यायची. तिने एकदा वाकून पाहिलं आणि चादर खाली ओढली.

पहिल्या शनिवारी तळघरात सभा झाली. आलेखराव उठले. बाईंबद्दल आदर व्यक्त केला, मग खडू उचलला. एक इस्त्री चाचणीसाठी दहा मिनिटं तापते. वर्षाकाठी इतक्या इस्त्र्या, इतक्या किटल्या. किटलीतलं उकळलेलं पाणी कुणी पीत नाही. म्हणजे जे मंडळ वीज वाचवायला जन्माला आलं, तेच ती उधळतंय. "आणि कशासाठी? आजवर एकही वस्तू नापास नाही. एकही! काकांच्या हातावर संशय घेतोय आपण."

"तसं नाही हो," काका म्हणाला. त्याला काही आणखी बोलायचं होतं असं शिंपीणकाकूंना नंतर आठवलं. पण तेवढ्यात टाळ्या झाल्या.

ठराव एकमताने झाला. विश्रांती बंद, चाचणी बंद. काकाचाही हात वर होता. काका तरी काय करणार? आठ महिने त्याने ऐकलं होतं, की त्याची प्रत्येक वस्तू चालते. माणसाला त्याचेच हात चांगले आहेत असं रोज सांगितलं, तर तो डोळ्यांचं विसरतो. बाई घरी नेऊन फक्त तपासतात, आणि सगळं ठीक निघतं, असंच तो धरून चालला होता.

त्या दिवशी फडताळात शिंपीणकाकूंची स्वतःची इस्त्री होती. गणवेशाची घाई होती, चाळीस जोड्या. "झाली विश्रांती तिची," काकू म्हणाल्या. "मला कुठे मिळतेय?" आणि इस्त्री पिशवीत घालून घरी गेल्या.

इस्त्रीला तीन वायरी असतात. त्यातली एक नुसती धोका टाळण्यासाठी, धातूच्या अंगाला लावलेली. काकाच्या बोटांना तिन्ही सारख्याच लागल्या. वीज जिथे जायची तिथे गेली नाही, ती इस्त्रीच्या अंगावर आली. काकूंनी बटण लावलं, थांबल्या. इस्त्री तापेना. मग त्यांनी तेच केलं जे कुठलीही शिंपीण दिवसातून वीस वेळा करते: डावा हात मशीनच्या लोखंडावर ठेवला, उजव्या हाताची बोटं जिभेला लावून ओली केली आणि इस्त्रीच्या तळाला टेकवली.

काकू वाचल्या. नवऱ्याने स्वयंपाकघरातून येऊन बटण ओढलं. उजव्या हाताची तीन बोटं भाजली होती, पडताना मनगट मोडलं होतं. मनगट जुळलं. बोटांतली दोन वाकेनाशी झाली. सुई धरायला नेमकी तीच लागतात.

बाई अंगात ताप असतानाच तळघरात आल्या. सगळे जमले होते. टेबलावर इस्त्री उघडून ठेवलेली, आणि आलेखराव फळ्याकडे पाठ करून बसलेले. काकूंचा नवरा दाराशी उभा होता. हात बांधून, नुसता बघत.

"ही मी बांधली," काका उभा राहून म्हणाला. "माझ्या हातून झालं. कसं झालं ते मात्र कळत नाही. पावणेदोन वर्षांत कधी झालं नाही असं."

"काका, खाली बसा," बाई म्हणाल्या. "चूक माझी आहे."

"तुमची कशी? तुम्ही तर आजारी होता."

इथे थांबायला हवं होतं. पण बाईंना वाटलं, हा म्हातारा आपल्यावर सगळं ओढून घेतोय, त्याला सोडवलं पाहिजे. त्यांनी सगळं सांगितलं. काकाचे डोळे. दिलेला शब्द. दुकान, काचकागद, मिठाचं पाणी, पलंगाखालचा ढीग. त्या बोलत गेल्या आणि तळघरातली माणसं आपापल्या किटलीकडे, पंख्याकडे बघत गेली. किटलीवाली हळूच म्हणाली, "माझी नवी आहे?"

काका उभाच होता. त्याने दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवले होते.

"किती चालल्या, बाई?"

"काका, पहिल्या वर्षातल्या तर सगळ्या—"

"नंतरच्या."

बाईंनी आयुष्यभर मुलांना सांगितलं होतं, उत्तर येत असेल तर गप्प बसू नये. त्या गप्प बसल्या.

"शेवटच्या तीन महिन्यांत तरी?" काकाने विचारलं. "एखादी?"

"मी मोजलं नाही," बाई म्हणाल्या. ते खोटं होतं, आणि काकाला ते दिसलं. एवढं दिसायला डोळे लागत नाहीत.

काका टेबलापासून निघाला. दाराशी काकूंच्या नवऱ्यापुढे थांबला. "पाहिजे तर मार मला," म्हणाला. नवऱ्याने नुसतं अंग चोरून वाट दिली. पायऱ्या काका भिंतीला धरून चढला. आता मोजायची गरज नव्हती, सगळ्यांना ठाऊक झालं होतं. पृथ्वीवर प्रेम करणारी ती सगळी माणसं खाली बसून होती, आणि त्यातलं एकही उठलं नाही. बाईसुद्धा.

त्याच आठवड्यात मुलगी गाडी घेऊन आली. बाईंना ती जिन्यात भेटली. आवाज चढवला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. पण ती एवढंच म्हणाली, "मला एक फोन करायचा होता तुम्ही. एकच." गाडीत मागच्या सीटवर काका इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून बसला होता. बाईंनी काचेवर टकटक केलं. त्याने मान वळवली, पण काच खाली केली नाही.

मंडळ त्यानंतर भरलं नाही. शिंपीणकाकू आता शाळेच्या दारात छापील वह्या विकतात. बाईंनी काकाला तीन पत्रं लिहिली. ती त्याला कुणी वाचून दाखवली की नाही, ते कळलं नाही. सोळा महिन्यांनी तो न्यूमोनियाने गेला. बाईंना ते दीड महिन्याने, भाजीच्या दुकानात, शिंपीणकाकूंच्या नवऱ्याकडून कळलं.